सीरियल पोर्ट, लिबसीरियलपोर्ट आणि २७.५ अंशांवर मुकं होणारं उपकरण: माझा अनुभव

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. तुम्ही लिबसीरियलपोर्ट ही सीरियल पोर्टशी बोलणारी लायब्ररी वापरत असाल, विंडोजवर प्रोग्राम व्यवस्थित चालत असेल आणि लिनक्सवर मात्र मधेच एखादा बाइट गळत असेल किंवा उपकरण एकदम बोलायचं बंद होत असेल, तर पोर्ट उघडल्या उघडल्या एसपी_सेट_फ्लोकंट्रोल हे फंक्शन वापरून फ्लो कंट्रोल (समोरच्याने ‘थांब’ किंवा ‘पाठव’ असं सांगण्याची सोय) नको असं स्पष्ट सांगा. एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ हाती लागेपर्यंत जो मनस्ताप झाला आणि उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टकडून ज्या प्रकारची उत्तरं आली, त्याचा राग अजून उतरलेला नाही.

काम तसं साधं होतं. आठ चॅनेलचं तापमान मोजणारं एक उपकरण, सीरियल पोर्टवरून त्याला प्रश्न विचारायचा आणि आलेलं उत्तर नोंदवून ठेवायचं. अट एवढीच, की तोच प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालला पाहिजे. विंडोजवर सीरियल पोर्टची सगळी मांडणी डीसीबी नावाच्या स्ट्रक्चरमध्ये असते, लिनक्स आणि मॅकवर टर्मिऑसमध्ये. दोन्हीकडचं स्वतः लिहीत बसायची माझी इच्छा नव्हती. लिबसीरियलपोर्ट ही सी भाषेतली छोटी लायब्ररी आहे, सिगरोक प्रकल्पातल्या लोकांनी लिहिलेली, एलजीपीएल परवान्याची. पोर्टची यादी, उघडणं, बॉड रेट, वाचणं, लिहिणं, सगळीकडे तीच फंक्शन्स. इन्स्टॉल करणं, बिल्ड करणं, पहिला बाइट वाचणं यात काहीच अडलं नाही, त्यामुळे त्यावर लिहीत नाही.

लिनक्सवर परवानगीची एक पायरी मात्र असते. डेबियन आणि उबुंटूवर तुमचं खातं डायलआउट गटात नसेल तर पोर्ट उघडतच नाही, आणि गटात घातल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं. आर्चवर गटाचं नाव यूयूसीपी आहे. प्रोग्राम रूट म्हणून चालवून वेळ मारून नेऊ नका, पुढे तोच गळ्यात पडतो.

आता मुख्य दुखणं.

उपकरणाचं उत्तर पाच बाइटचं. पहिला बाइट सुरुवातीची खूण, दुसरा चॅनेलचा क्रमांक, मग दोन बाइट तापमानाचे, शेवटी चेकसम, म्हणजे उत्तर नीट पोचलं का हे पडताळायचा आकडा. तापमान अंशाच्या दहाव्या भागात येतं, म्हणजे २७.३ अंश असेल तर २७३ हा आकडा. वेग ९६०० बॉड, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट. पाच बाइटचं उत्तर साधारण पाच मिलिसेकंदांत संपतं. मी पाच बाइटसाठी ५०० मिलिसेकंदांचा टाइमआउट ठेवला होता, म्हणजे घाईचा प्रश्नच नव्हता.

विंडोजच्या मशीनवर प्रोग्राम दिवसभर चालला. लिनक्सवर सकाळी ठीक, दुपारी कधीतरी बंद. बंद म्हणजे क्रॅश नाही. प्रोग्राम चालू, पोर्ट उघडं, प्रश्न पाठवला जातोय, लिहिण्याचं फंक्शन बाइट गेले असं सांगतंय, आणि उत्तर शून्य बाइट. केबल काढून परत लावली की पुन्हा सुरळीत. शिवाय बंद पडायच्या आधीही अधूनमधून पाचाऐवजी चारच बाइट यायचे. तसं उत्तर माझा प्रोग्राम टाकून देऊन पुन्हा विचारायचा, त्यामुळे त्याकडे सुरुवातीला कुणाचं लक्ष जावं असं काही नव्हतं.

सकाळी चालतं आणि दुपारी बंद पडतं म्हटल्यावर कुणीही म्हणेल की काहीतरी तापतंय. कंपनीच्या सपोर्टनेही तेच धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. यूएसबी ते सीरियल कन्व्हर्टर तापत असेल, बदला. बदलला. केबल चांगली शील्ड केलेली घ्या. घेतली. ड्रायव्हर नव्याने टाका. लिनक्सवर तो कर्नलमध्येच असतो हे त्यांना समजावून सांगण्यात एक पूर्ण ईमेल खर्ची पडली. प्रत्येक उत्तरासाठी थांबायचं, आणि उत्तर आलं की त्यात पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न: मॉडेल नंबर कळवा, फोटो पाठवा. सरतेशेवटी उत्तर आलं की विंडोजवर चालतंय म्हणजे आमचं उपकरण ठीक आहे, दोष तुमच्या प्रोग्राममध्ये शोधा. मी प्रत्येक पत्रात एकच प्रश्न विचारत होते: तुमच्या उपकरणाला फ्लो कंट्रोल कुठलं अपेक्षित आहे? मॅन्युअलमध्ये बॉड रेट, बिट, पॅरिटी, स्टॉप बिट सगळं आहे, फ्लो कंट्रोलबद्दल अक्षर नाही. या एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी कधीच दिलं नाही.

दरम्यान एका सहकाऱ्याने सुचवलं म्हणून पायसीरियल या पायथनच्या सीरियल लायब्ररीत दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून पाहिली. ती दिवसभर चालली. ती थांबवून माझा सीमधला प्रोग्राम सुरू केला, तर तोही चालला! दुपार, संध्याकाळ, एकदाही अडखळला नाही. दुसऱ्या दिवशी केबल काढून लावली, आणि पुन्हा जैसे थे. या टप्प्यावर डोकं गरम झालं होतं, पण आता मागे वळून पाहिलं तर सगळ्यात मोठा धागा तोच होता. दोन प्रोग्राम एकामागून एक चालवल्यावर दुसरा सुधारतो, याचा अर्थ पहिला प्रोग्राम पोर्टवर काहीतरी मागे ठेवून जातो. तापण्याशी याचा संबंध असूच शकत नाही.

मग मी आलेला प्रत्येक बाइट वेळेसकट फाइलमध्ये लिहायला सुरुवात केली. हे पहिल्या दिवसापासून करा, कुठल्याही सीरियल कामात. लायब्ररीचा स्वतःचा लॉगही मिळतो: लिबसीरियलपोर्ट_डीबग हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, नाव रोमन कॅपिटलमध्ये, सेट केलं की प्रत्येक फंक्शनची हकिगत एरर आउटपुटवर येते. त्यातही लिहिणं यशस्वीच दिसत होतं. पण माझ्या फाइलमध्ये बंद पडायच्या आधीचं शेवटचं उत्तर सापडलं, चारच बाइटचं: १७०, ३, १, १९३.

१७० ही सुरुवातीची खूण, ३ हा चॅनेल, १ हा तापमानाचा वरचा बाइट. खालचा बाइट गायब आणि त्याच्या जागी थेट चेकसम. आणि या उपकरणाचा चेकसम म्हणजे आधीच्या चार बाइटची साधी बेरीज, एका बाइटात मावत नसेल तर २५६ वजा करून. १७०, ३ आणि १ मिळून १७४. १९३ मधून १७४ वजा केले की १९. हरवलेला बाइट १९ होता! वरचा बाइट १, खालचा १९, म्हणजे २५६ अधिक १९, २७५, म्हणजे २७.५ अंश. आदल्या दिवशीची फाइल काढली, तिथेही शेवटच्या उत्तरातून १९ गळालेला. आणि जी चार बाइटची उत्तरं येऊनही प्रोग्राम पुढे चालू राहिला होता, त्यात प्रत्येक ठिकाणी हरवलेला बाइट १७ निघाला. २७३ म्हणजे २५६ अधिक १७. २७.३ अंशांना एक उत्तर टाकून द्यावं लागायचं आणि २७.५ अंशांना बोलणंच संपायचं. दुपारी खोलीचं तापमान तिथे पोचत होतं, बाकी काही नाही. कधी कधी चेकसमच १७ किंवा १९ यायचा, म्हणून घड्याळाशी आणि तापमानाशी मेळ पक्का बसत नव्हता.

१७ आणि १९ हे आकडे ज्यांनी टर्मिनल वापरलंय त्यांना ओळखीचे असतील: कंट्रोल-क्यू आणि कंट्रोल-एस. एक्सऑन आणि एक्सऑफ. टेलिटाइपच्या काळापासूनची पद्धत आहे. समोरच्याने १९ पाठवला की तुम्ही पाठवणं थांबवायचं, १७ पाठवला की पुन्हा सुरू करायचं. लिनक्समध्ये टीटीवायची, म्हणजे टर्मिनल आणि सीरियल पोर्ट सांभाळणाऱ्या भागाची, जी मूळ मांडणी असते, तिच्यात हे चालू असतं. त्यामुळे उपकरणाकडून आलेला १९ माझ्या प्रोग्रामपर्यंत पोचायच्या आधीच मधे गिळला जायचा आणि त्याच क्षणी माझ्या बाजूचं पाठवणं थांबायचं. माझे प्रश्न बफरमध्ये जमत राहायचे, म्हणून लिहिण्याचं फंक्शन यश सांगायचं. उपकरणापर्यंत प्रश्न पोचतच नव्हता, म्हणून ते गप्प. आणि विचारल्याशिवाय ते काही पाठवत नाही, म्हणजे सुटका करणारा १७ येण्याची शक्यताच नाही.

लिबसीरियलपोर्टच्या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलं आहे: लायब्ररी स्वतःची कुठलीही मूळ मांडणी लावत नाही, पोर्ट उघडल्यावर त्यावर ऑपरेटिंग सिस्टिमची, ड्रायव्हरची किंवा आधीच्या प्रोग्रामने मागे ठेवलेली मांडणी असते, म्हणून वापरण्यापूर्वी सगळ्या गोष्टी तुम्ही ठरवा. टर्मिनलसाठीचं एको किंवा ओळीच्या शेवटाची अदलाबदल एवढं ती बंद करते. फ्लो कंट्रोलला हात लावत नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे, कारण काही जुन्या प्रिंटरांना ते खरोखर लागतं. उपकरणाला काय हवंय हे त्याच्या निर्मात्यालाच माहीत असतं आणि त्याने ते सांगायला हवं. पायसीरियल पोर्ट उघडताना सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल, तुम्ही मागितलं नाहीत तर, बंद करतं. म्हणून ती स्क्रिप्ट चालली आणि तिच्यानंतर माझा प्रोग्रामही.

एसपी_फ्लोकंट्रोल_नन देऊन ती एक ओळ टाकली, हीटर लावून मुद्दाम तापमान २७ ते २८ च्या मधे वरखाली फिरवलं, आणि स्क्रीनवर २७.३, २७.४, २७.५, २७.६ ओळीने आले तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

तुम्हाला तपासायचं असेल तर लिनक्सवर एसटीटीवाय ही कमांड पोर्टचं नाव आणि सगळं दाखव असं सांगून चालवा. त्यात आयएक्सऑनच्या (१९ आला की पाठवणं थांबवणारी मांडणी) आधी उणे चिन्ह नसेल तर ते चालू आहे. प्रोग्राममधूनच पाहायचं तर उघडल्यावर एसपी_गेट_कॉन्फिगने मांडणी वाचा आणि लॉगमध्ये छापा. त्याहून पक्की चाचणी: उपकरण काढून केबलच्या नऊ पिनांच्या टोकाला दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना वायरने जोडा आणि ० ते २५५ सगळे बाइट एकेक करून पाठवा, प्रत्येक परत येतोय का बघा. आयएक्सऑन चालू असेल तर १७ परत येत नाही, १८ येतो, १९ येत नाही आणि त्यानंतर काहीच येत नाही. ही चाचणी आता माझ्या प्रोजेक्टमध्ये कायमची आहे. नवीन कन्व्हर्टर आला की आधी ती, मग बाकीचं.

बाकी आठवेल तसं. वाचण्याच्या फंक्शनला टाइमआउट शून्य दिला तर ते लगेच परत येत नाही, अनंत काळ थांबतं. लगेच परत यायचं असेल तर एसपी_नॉनब्लॉकिंग_रीड आहे. ठरलेल्या संख्येइतके बाइट हवे असतील तर एसपी_ब्लॉकिंग_रीड, जे आलं तेवढं लगेच हवं असेल तर त्याचंच रीड_नेक्स्ट भावंड. आणि परत आलेली संख्या मागितलेल्यापेक्षा कमी असू शकते, ती प्रत्येक वेळी तपासा. फ्लश म्हणजे बफरमधलं फेकून देणं, ड्रेन म्हणजे सगळं बाहेर जाईपर्यंत थांबणं. वर सांगितलेल्या अवस्थेत ड्रेन वापरलं असतं तर प्रोग्राम तिथेच अडकला असता आणि कदाचित मला लवकर कळलं असतं.

पोर्टचं नाव प्रोग्राममध्ये पक्कं लिहून ठेवू नका. लिनक्सवर आज टीटीवाययूएसबी० असलेला उद्या टीटीवाययूएसबी१ होतो. यादीतून यूएसबीचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक वाचून उपकरण ओळखा, लायब्ररीत त्याची सोय आहे. मॅकवर एकाच पोर्टची दोन नावं दिसतात, सीयूने सुरू होणारं घ्या. विंडोजवर कॉम१० पासून पुढच्या पोर्टांना नावाआधी उलट्या तिरक्या रेघांचा वेगळा उपसर्ग लागतो, लिबसीरियलपोर्ट तो स्वतः लावतं. आणि लिनक्सवर दोन प्रोग्राम एकच पोर्ट एकाच वेळी उघडू शकतात, मग अर्धे बाइट याला आणि अर्धे त्याला जातात. तपासणीसाठी टर्मिनल प्रोग्राम उघडाल तेव्हा आपला बंद करायला विसरू नका.

कंपनीला मी चारही बाइटसकट सगळं लिहून कळवलं आणि मॅन्युअलमध्ये एक वाक्य घालायची विनंती केली. त्यांचं उत्तर आलं, त्यात मॉडेल नंबर विचारला आहे. तो पाठवला आहे.