क्लायस्ट्रॉन गेला तरी चालेल, स्लॉटेड लाइन ठेवा

ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग) केलेल्या कुणालाही विचारा, मायक्रोवेव्ह लॅब म्हटलं की तो क्लायस्ट्रॉन बेंचच आठवणार, म्हणजे मायक्रोवेव्ह तयार करणारी क्लायस्ट्रॉन ट्यूब आणि तिला जोडलेली मोजणीची उपकरणं. आधी फॅन चालू, रिपेलरचा (ट्यूबमधले इलेक्ट्रॉन मागे ढकलणाऱ्या इलेक्ट्रोडचा) नॉब फुल, मग बीम व्होल्टेज, आणि व्हीएसडब्ल्यूआर (परत फिरलेल्या तरंगामुळे लाइनवर होणाऱ्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजचं गुणोत्तर) मीटरचा काटा हलेपर्यंत अख्खा ग्रुप त्याच्याकडे बघत उभा. आता काही जण म्हणतात, कॉलेजच्या लॅबमधलं हे सगळं भंगारात काढा, सिम्युलेशन करा. क्लायस्ट्रॉनबद्दल माझं काही म्हणणं नाही, गन डायोडचा (मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या छोट्या सेमीकंडक्टरचा) सोर्स लावला तरी भागतं, पण स्लॉटेड लाइनला, म्हणजे लांब खाच पाडलेल्या आणि त्या खाचेत प्रोब सरकवता येणाऱ्या धातूच्या पोकळ नळीला, हात लावू नका राव.

एक्स बँडचा (साधारण ८ ते १२ गिगाहर्ट्झचा) तो वेव्हगाइड, म्हणजे तीच नळी, आतून २२.८६ मिमी रुंद, त्याच्या दुप्पट म्हणजे ४५.७२ मिमी, यापेक्षा लांब तरंग त्यातून जातच नाही, म्हणून ६.५६ गिगाहर्ट्झच्या खाली सगळं बंद. ९.४ गिगाहर्ट्झला पुढे शॉर्ट लावा, म्हणजे टोक धातूने बंद करा, प्रोब सरकवा, काटा पडतो ती एक जागा, मग दुसरी, मधलं अंतर साधारण २२.२५ मिमी. दुप्पट केलं की वेव्हगाइडमधल्या तरंगाची लांबी ४४.५, आणि हवेत तोच तरंग ३१.९चा! पुस्तकात या दोन लांब्यांचं सूत्र पाठ करतो आपण, इथे ते स्केलवर वाचता येतं.

बरं ९.४च का, तर जहाजांवर ती गोल फिरणारी पट्टी दिसते ना, त्यातले बरेच रडार याच्याच आसपास चालतात. रडारचा मॅग्नेट्रॉन (ट्रान्समीटरमधली ट्यूब) किलोवॉटमध्ये पल्स सोडणार आणि त्याच अँटेनातून परत आलेला जेमतेम इको रिसीव्हरने ऐकायचा, म्हणून मध्ये सर्क्युलेटर, आत फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) आणि चुंबक, चौकातल्या सर्कलसारखं एकाच दिशेने वळायचं. ट्रान्समीटरकडून आलेलं अँटेनाला, अँटेनाकडून आलेलं रिसीव्हरला. आता गंमत बघा, अँटेनाचं मॅचिंग बिघडून व्हीएसडब्ल्यूआर २ झाला तर ११ टक्के पॉवर परत फिरते, म्हणजे १० किलोवॉटच्या पल्समधले अकराशे वॉट, आणि सर्क्युलेटर बिचारा ते इमानदारीत रिसीव्हरकडेच पाठवतो, त्याला काय माहीत हा इको आहे की आपलाच माल परत आलाय! म्हणून रिसीव्हरच्या आधी जास्तीची पॉवर अडवणारा लिमिटर लागतोच. व्हायवात (तोंडी परीक्षेत) "२ म्हणजे ठीकठाक" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघा.

व्हीएनएवर (व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर, किती तरंग परत फिरतो ते थेट स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) हेच चुटकीसरशी दिसतं, मान्य. पण एक्स बँडचा व्हीएनए लाखांत जातो, आणि ऑनलाइन मिळणारे स्वस्तातले नॅनोव्हीएनए तिथपर्यंत पोचतच नाहीत.