एमक्यू-3 बाजूला ठेवून स्वतःची गॅस सेन्सरची चिप

काजूचा सीझन आला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मामाच्या दारूच्या भट्टीवर माझी फेरी असतेच आणि यंदा बरोबर अल्कोहोल सेन्सर नेला होता, तोच सगळ्यांकडे असतो तो एमक्यू-3. हुराक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) गळायला लागायच्या आधीच त्याचं रीडिंग टोकाला. मामा म्हणाला, "अरे, हे तुझं यंत्र धुरालाच भुललं की!" आणि खरंच आहे ते, त्याच्या आतल्या टिन ऑक्साइडला अल्कोहोल काय आणि लाकडाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड काय, दोन्ही चालतात.

आतली भानगड अशी की गरम टिन ऑक्साइडच्या दाण्यांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, चिकटताना इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून रेझिस्टन्स वाढलेला असतो. अल्कोहोलची वाफ आली की ती त्या ऑक्सिजनला खाते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रेझिस्टन्स धाडकन खाली. हे सगळं साधारण 200 ते 400 डिग्रीत चालतं आणि कुठला वायू कुठल्या तापमानाला जास्त बोलतो ते वेगवेगळं असतं. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर एमक्यू-7 बघा, त्याच्या हीटरला 60 सेकंद 5 व्होल्ट आणि 90 सेकंद 1.4 व्होल्ट द्यायचे असतात, कारण कार्बन मोनॉक्साइड कमी तापमानाला मोजायचा आणि जास्त तापमानाला बाकीची घाण जाळून टाकायची. म्हणजे तापमान आपल्या हातात असेल तर वायू थोडेफार वेगळे करता येतात. एमक्यू-3 मध्ये ते हातात नाही, 33 ओहमचा हीटर आहे, 5 व्होल्ट द्या आणि आत किती डिग्री आहे ते देवाला माहीत. वर पंखा लावला तरी तापमान सरकतं.

म्हणून मी जी चिप डिझाइन केलीय त्यात हीटर हाच थर्मामीटर आहे, बाकी सगळं त्याच्यामागून ठरलं. नखाएवढी अ‍ॅल्युमिनाची (एक सिरॅमिक) पट्टी, मागच्या बाजूला हीटर म्हणून प्लॅटिनमच्या पेस्टनं छापलेली नागमोडी रेघ, पुढच्या बाजूला इलेक्ट्रोड आणि त्यावर टिन ऑक्साइडचा थर. प्लॅटिनमच का, तर त्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर भरवशानं चढतो, 0 डिग्रीला 10 ओहम असेल तर 300 डिग्रीला 21 च्या आसपास. नायक्रोम, म्हणजे साध्या हीटरची तार, जवळजवळ हलतच नाही, त्याला विचारून काही कळणार नाही. छापलेल्या प्लॅटिनम पेस्टचा चढ शुद्ध तारेपेक्षा कमी येतो म्हणून तो ओव्हनमध्ये स्वतः मोजून घ्यायचा, पुस्तकातला आकडा धरून बसायचं नाही. आणि मोजायला चार वायर (दोन करंटला, दोन व्होल्टेज मोजायला), कारण 0.1 ओहम इकडे-तिकडे म्हणजे अडीच डिग्रीची चूक, तेवढा तर नुसत्या वायरीत जातो.

नागमोडी रेघ सगळीकडे सारखी दाट ठेवली तर मधोमध भाजतं आणि कडा थंड राहतात म्हणून कडेला रेघा जवळजवळ घेतल्यात. सुरुवातीला एकदम 5 व्होल्ट द्यायचे नाहीत, थंड 10 ओहमवर अडीच वॅट बसतात आणि पट्टी तडकू शकते, पीडब्ल्यूएमनं (करंट भराभर चालू-बंद करून) हळूहळू चढवायचं.

इलेक्ट्रोड म्हणजे एकमेकांत घुसवलेले दोन कंगवे. 10 दात, प्रत्येकी 3 मिमी, मधली फट 0.2 मिमी, म्हणजे 9 फटी मिळून 27 मिमी लांबीचा काठ, त्यामुळं त्याच थराच्या चौकोनी तुकड्यापेक्षा रेझिस्टन्स 135 पट कमी होतो आणि मेगाओहममधली गोष्ट साध्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) आवाक्यात येते. फट अजून बारीक केली असती पण स्क्रीन प्रिंटिंगला तेवढी शाई पसरते, शॉर्ट होतं. चांदीची पेस्ट स्वस्त आहे हे मलाही माहितीय, पण उष्णता, व्होल्टेज आणि आपल्याकडची जूनमधली हवा या तिघांत चांदी एका दातावरून दुसऱ्याकडे सरकत जाते. इथंपण प्लॅटिनमच. हीटरच्या पीडब्ल्यूएमचा आवाज इलेक्ट्रोडवर येतो, त्यावर उपाय सोपा, हीटर बंद असतो त्या क्षणीच रीडिंग घ्यायचं.

खरी डोकेदुखी मात्र वायर जोडण्याची. साधं सोल्डर 183 डिग्रीला वितळतं आणि चिप 300 वर, मग जोडायचं कशानं? बारीक प्लॅटिनम तार त्याच पेस्टनं चिकटवून भाजून घ्यायची आणि चिप त्या तारांवर हवेत टांगून ठेवायची, दुसऱ्या टोकाला गार झाल्यावर सोल्डर चालतं. तार जाड घेतली तर सगळी उष्णता तिच्यातूनच पळते, बारीक घेतली तर हात लागला की तुटते. एमक्यू-3 फोडून बघा, आतली नळीसुद्धा अशीच तारांवर लटकलेली असते, कंपनीवाल्यांनापण दुसरी वाट सापडलेली नाही.

भट्टीवर ही चिप उघडी न्यायची नाही हे आधीच सांगतो. अल्कोहोलची वाफ हवेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास गेली की पेट घेऊ शकते, त्यामुळं वर स्टीलची बारीक दुहेरी जाळी हवीच. आणि पावसाळ्यासाठी डबी बंद करायला आपण सगळे जो सिलिकॉन सीलंट फासतो तो इथं अजिबात नको, त्याची वाफ गरम टिन ऑक्साइडवर जाऊन सिलिका बनते आणि सेन्सर कायमचा बहिरा होतो. मी रबराची गॅस्केट घेतलीय. फोंड्यात किंवा म्हापशात कुणाकडे 1000 डिग्रीच्या वर जाणारी फर्नेस असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, पेस्ट भाजायची आहे.