जीपच्या तारांची मोळी सोडली

रब्बीत आमच्याकडे ओलितासाठी लाइन, म्हणजे वीज, बहुतेक रात्रीचीच. बाबा अकरा-साडेअकराला जीप घेऊन शेतात जातात. मागच्या डिसेंबरात नाल्याच्या वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम गेले आणि समोर रानडुकरांचा कळप. डॅशवर थाप मारली की बत्ती परत लागायची, हा आमचा दोन वर्षांचा इलाज. त्या रात्री ती चौथ्या थापेला लागली.

गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९९१ ची, डिझेल. गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातलं. कापूस भरतो त्या कोठ्याला लागूनच जीप उभी असते, म्हणून उंदरांनी वायरिंग तीनदा कुरतडलं. दर वेळी मिस्त्रीकाकांनी जुनी वायर न काढता वरून नवी ओढली. डॅशमागे हात घातला की तारांची मोळीच हाती यायची, आणि मे महिन्याच्या ४५ डिग्रीत टेपचा डिंक बोटांना चिकटायचा. मीटर लावून पाहिलं तर बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि हेडलाइटच्या होल्डरवर १०.२. दिव्यांचा सगळा करंट आधी डॅशवरच्या स्विचपर्यंत, तिथून डिप्परपर्यंत (दिवे वर-खाली करायचा स्विच) आणि मग परत समोर, असा गावभर फिरून जात होता.

खरं सांगायचं तर हेडलाइटपुरते दोन रिले, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारे स्विच, बसवले असते तरी भागलं असतं. काकांनी तेच सांगितलं, "कायले एवढा कुटाणा करून रायला बाप्पा? दोन रिले टाक अन् मोकळा हो." पण माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आणि मला ती मोळीच नको होती.

म्हणून मल्टिप्लेक्स वायरिंग करायचं ठरवलं. त्याची कल्पना साधी आहे. प्रत्येक दिव्यासाठी स्विचपासून वेगळी जाड तार न्यायची नाही. स्विचनं फक्त निरोप द्यायचा, आणि दिव्याजवळ बसवलेल्या डब्यानं तो ऐकून करंट सोडायचा. निरोप जातो पिळलेल्या दोन तारांवरून. निरोप धाडायची ही पद्धत, तिचं नाव कॅन, बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जाहीर केली आणि १९९१ ला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये तिच्यावर चालणारं वायरिंग आलं. आमची जीपही त्याच सालची, हे वाचून मी जरा जास्तच पेटलो.

जुन्या गाड्यांसाठी तयार किट परदेशात मिळतं. पण एखादा डबा गेला तर दारव्ह्यात तो कुठून आणणार? म्हणून नागपूरहून सुटे भाग आणले आणि तीन डबे स्वतः बांधले: एक डॅशखाली, एक बॉनेटमध्ये, एक मागच्या सीटखाली. डॅशवरच्या स्विचना आता फक्त अर्थ (अर्थिंगची तार) आणि एक बारीक तार. मागच्या डब्याकडे चारच तारा जातात: करंट, अर्थ आणि निरोपाच्या दोन. त्या दोन मी ड्रिल मशीनमध्ये अडकवून पिळल्या. शेजारच्या पोट्ट्यांना तो दिवसभराचा तमाशा झाला.

टेबलावर दोन डबे एकमेकांशी छान बोलले. तिसरा जोडला की सगळे मुके. आठ दिवस मी प्रोग्राममध्ये डोकं घातलं, कारण आधी एकदा असाच फसलो होतो: डब्यातल्या कॅन मॉड्यूलवरचं (निरोप धाडणारी पट्टी) क्रिस्टल, म्हणजे तिचं घड्याळ, ८ मेगाहर्ट्झचं आणि प्रोग्राम १६ चं धरून चाललेला. या वेळी मात्र चूक तिथे नव्हती. शेवटी सप्लाय बंद करून दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजला. ६० ओम पाहिजे, आला ४०. लाइनच्या दोन टोकांना १२० ओमचा एकेकच रेझिस्टर लागतो. माझ्या तिन्ही मॉड्यूलवर तो जंपर (दोन पिना जोडणारा बारीक तुकडा) लावून चालूच आलेला होता. मधल्याचा जंपर काढला आणि काम झालं. एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्यापायी आठ दिवस गेले. तोवर मृग लागला, पेरणी आली आणि जीप दीड महिना तशीच, तारा लोंबत, कोठ्यात.

पोळ्याच्या आधी पुन्हा बसलो. आता हेडलाइट लागायचे आणि क्षणात विझायचे. थंड बल्ब पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि माझा डबा त्याला शॉर्ट समजून बंद पडत होता. सुरुवातीचे १०० मिलिसेकंद त्याला सूट दिली.

काही गोष्टी मुद्दामच जुन्या पद्धतीनं ठेवल्या. स्टार्टर, हॉर्न आणि ब्रेकलाइट साध्या तारेवर, फ्यूज लावून. माझ्या प्रोग्रामच्या भरवशावर मागच्या ट्रकला थांबवायची माझी तयारी नाही. आणि डॅशचा निरोप अर्धा सेकंद आला नाही तर पुढचा डबा आपणहून डिम लाइट लावतो. वायपर आपल्या जागी येऊन थांबत नाही, ते मला अजून जमलेलं नाही. अशा जुन्या डिझेल इंजिनाचं एक बरं असतं, एकदा सुरू झालं की त्याला विजेशी घेणं नाही, आणि आमची गाडी बंद होते ती दोरी ओढूनच. डबे सगळे मेले तरी दिवसा घरी येता येतं.

होल्डरवर आता १२.३ व्होल्ट मिळतात. बाबांनी पहिल्या रात्री एवढंच विचारलं, "बल्ब मोठे टाकले का रे?"

गणपतीनंतरच्या पावसात मागचा उजवा इंडिकेटर गेला. मी लॅपटॉप जोडून बसलो. निरोप जातोय, डबा करंट सोडतोय, सगळं ठीक. काका आले, टेस्ट लॅम्पची एक तार बॉडीला लावली, मग बॅटरीच्या अर्थला लावली, आणि दोन मिनिटांत म्हणाले, "अर्थ गंजला बे तुया." नट सोडला, सँडपेपर मारला, लागला इंडिकेटर.

त्या दिवशी मी वायरिंगची आकृती काढून, लॅमिनेट करून बॉनेटच्या आतून चिकटवली. निरोपाच्या दोन तारांना जागोजागी लाल टेप लावला आणि काकांना सांगितलं, टेस्ट लॅम्प बाकी कुठेही लावा, इथे नको. त्यांनी आकृती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "उंदरानं या दोन खाल्ल्या तर?"

आता त्या दोन तारा लोखंडी नळीतून जातात.