तोब्रुकला हरलेले फौजी आबा आणि अल अलामेन

आमचे फौजी आबा, म्हंजे आज्जीचे थोरले भाऊ, त्यांना युद्धाचं काहीही विचारलं की एकच वाक्य यायचं, "आमचं एका दिसात संपलं रं." मग उसाच्या पाण्याच्या पाळीचा विषय काढायचे. कागल तालुक्यातलं गाव, घरात एक जुनी पत्र्याची ट्रंक आणि हा गप्प माणूस. बाकीचे पेन्शनर पारावर बसून लढाया सांगायचे पण हे कधीच नाही. आम्हाला लहानपणी वाटायचं की आबांनी लढाई बघितलीच नसेल.

ते जाऊन बरीच वर्षं झाली. मधे मी दुसऱ्या महायुद्धातल्या आफ्रिकेच्या लढाया वाचायला घेतल्या, वाचायचं होतं इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईबद्दल, आणि तिथं मला आबांचं ते एका दिवसाचं वाक्य सापडलं. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

जागा होती लिबियातलं तोब्रुक बंदर, तारीख २० जून १९४२. १९४१ मध्ये ह्याच तोब्रुकला जर्मन सेनापती रोमेलनं आठ महिने वेढा घातला होता आणि त्याला ते मिळालं नव्हतं. पण १९४२ पर्यंत तिथले बरेच सुरुंग काढून दुसरीकडं नेलेले, रणगाडे अडवायचे खंदक वाळूनं बुजत आलेले. आग्नेय बाजूच्या ज्या पट्ट्यावर रोमेलनं सगळी ताकद लावली तिथं ११ वी इंडियन ब्रिगेड होती आणि तिच्यात आपली ५ वी मराठा लाइट इन्फंट्री, दुसरी बटालियन, जिला काली पांचवी म्हणतात. पहाटे आधी स्टुका विमानांचे बॉम्ब, मग पायदळ आणि मग रणगाडे, आणि समोर शेतकऱ्याची पोरं, ज्यांच्याकडं रणगाड्याला थांबवेल असं फार काही नव्हतंच. संध्याकाळपर्यंत जर्मन रणगाडे बंदरात. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला पडला, ३० हजारांवर माणसं कैद झाली. त्यात आमचे आबा. तिथून जहाजात घालून इटलीला.

आबांना ह्याची लाज वाटत होती हे मला आता कळतंय. लढाई हरली, पलटण गेली, आणि सांगायचं काय पारावर बसून?

पण पुढं काय झालं ते बघा. तोब्रुक पडलं ती बातमी चर्चिलला मिळाली तेव्हा तो वॉशिंग्टनला रूझवेल्टच्या समोरच बसलेला होता. रूझवेल्टनं विचारलं काय मदत करू, आणि चर्चिलनं शर्मन रणगाडे मागितले. अमेरिकन फौजेच्या स्वतःच्या हातात हे रणगाडे नुकते पडायला लागले होते, तरी त्यातले ३०० आणि वर १०० तोफगाड्या जहाजानं सुएझला निघाल्या. ऑक्टोबरमध्ये अलामेनला जे अडीचशेच्या आसपास शर्मन उभे होते ते इथून आलेले.

आणि दुसरी गोष्ट माझ्या मते ह्याहून मोठी. जर्मनी-इटलीचा मूळ बेत होता की तोब्रुक घेतल्यावर रोमेलनं थांबायचं आणि आधी माल्टा बेट घ्यायचं, कारण इटलीतून आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवरच ते बसलंय. पण तोब्रुक इतकं झटक्यात मिळालं, वर तिथलं पेट्रोल, गाड्या, खाणं हाताला लागलं, की रोमेल म्हणाला आता थांबायचं नाही, सरळ कैरो. हिटलरनं त्याला फील्ड मार्शल केला आणि परवानगीपण दिली. माल्टा राहिलं ते राहिलंच. पुढचे सगळे महिने माल्टावरून आणि इजिप्तमधून उडणारी विमानं आणि पाणबुड्या ह्यांनी रोमेलची जहाजं बुडवली. वाळवंटातल्या लढाईत शूर कोण ह्याच्याआधी टाकीत पेट्रोल कुणाच्या आहे हे बघावं लागतं. त्रिपोली बंदरापासून अलामेन २००० किमीच्या आसपास, म्हंजे पेट्रोल आणणाऱ्या ट्रकलाच निम्मं पेट्रोल लागायचं अशी गत. ऐन लढाईत, २६ ऑक्टोबरला, प्रोसर्पिना नावाचं टँकर जहाज तोब्रुकजवळ बुडवलं आणि रोमेलच्या रणगाड्यांना इकडून तिकडं हलायचीसुद्धा चोरी झाली.

अलामेन म्हंजे तसं नुसतं रेल्वेचं एक छोटं स्टेशन. पण उत्तरेला समुद्र आणि दक्षिणेला कत्तारा नावाचा खोलगट दलदलीचा भाग, त्यात रणगाडे जातच नाहीत, मधे फक्त साठेक किमीची पट्टी, कोल्हापूरहून गगनबावड्याच्या थोडं पुढं एवढीच. बाकी वाळवंटात बाजूनं वळसा घालता येतो, इथं नाही. आणि तिथून अलेक्झांड्रिया किती लांब, तर आपल्या कोल्हापूरहून बेळगाव जेवढं तेवढं! १ जुलैला रोमेल ह्या पट्टीवर आला तेव्हा देर एल शेन नावाच्या जागी १८ वी इंडियन ब्रिगेड नुकतीच इराकहून येऊन बसलेली, घाईघाईत खणलेले खंदक, तरी तिनं त्याला संध्याकाळपर्यंत अडवला. ब्रिगेड मोडली पण तेवढ्या एका दिवसात मागची फळी सावरली. पुन्हा एक दिवस. आबांचा एक आणि हा एक.

मोठी लढाई २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री, पौर्णिमेच्या आसपास, ९ वाजून ४० मिनिटांनी जवळपास ९०० तोफा एकदम सुटल्या. ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरीकडं दोन लाखाच्या जवळ माणसं आणि हजारावर रणगाडे, समोर साधारण निम्मं. रोमेल त्या रात्री तिथं नव्हताच, आजारी होऊन ऑस्ट्रियात होता, आणि त्याच्या जागेवरचा जनरल श्टुमे दुसऱ्या दिवशी हार्ट अटॅकनं गेला. पण मधे चार-साडेचार लाख सुरुंग पेरलेले. त्यातून वाट काढायची म्हंजे सॅपर, म्हंजे सुरुंग काढणाऱ्या लोकांनी चांदण्यात पोटावर पडून बायोनेटनं वाळू टोचत जायचं, किंवा एक नवीन यंत्र घेऊन, जे जवळ धातू असला की कानात आवाज द्यायचं. हे यंत्र युझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्यानं केलेलं, त्यानं त्याचं पेटंटपण घेतलं नाही, अलामेनला अशी ५०० च्या आसपास होती.

पोलिश म्हटल्यावर कोल्हापूरकरांना लगेच वळिवडे आठवणार. महावीर गार्डनमधल्या त्यांच्या स्मारकाजवळून मी कितीदा गेलोय. १९४३ ते ४८ वळिवड्याच्या कॅम्पमध्ये ५ हजाराच्या आसपास पोलिश बायका-पोरं राहिली. ही माणसं रशियातून सुटून इराणमार्गे आली, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे जथे इराणच्या किनाऱ्यावर उतरत होते तेव्हा रोमेल अलामेनला बसलेला. तो सुएझ ओलांडून इराक-इराणच्या तेलाकडं वळला असता तर ती वाट, तो रस्ता राहिला असता का? त्यांच्यातल्या कितीतरी बायकांचे नवरे आणि भाऊ तेव्हा तिकडंच पोलिश जनरल अँडर्सच्या फौजेत होते.

बारा दिवस चाललं. ४ नोव्हेंबरला रोमेल मागं सरकायला लागला, आणि मग चार दिवसांत, ८ नोव्हेंबरला, अमेरिकन आणि ब्रिटिश फौजा मोरोक्को-अल्जीरियात उतरल्या. दोन्हीकडून चेपलं. १३ नोव्हेंबरला तोब्रुक परत मिळालं. मे १९४३ मध्ये ट्युनिशियात अडीच लाखाच्या आसपास जर्मन-इटालियन सैनिक शरण आले, त्यांचा सेनापती फॉन आर्निम शरण आला तो ४ थ्या इंडियन डिव्हिजनपुढं, ज्या डिव्हिजनची ११ वी ब्रिगेड तोब्रुकला संपली होती तीच डिव्हिजन. हे वाचताना मी उठून बाहेर जाऊन आलो. मग जुलैत सिसिली, मुसोलिनी गेला, सप्टेंबरमध्ये इटलीनं शस्त्रं टाकली आणि आबांच्या कॅम्पवरचे पहारेकरी पळाले. आकारानं बघितलं तर रशियातल्या स्टालिनग्राडच्या लढाईपुढं अलामेन लहानच, तिकडं माणसं किती मेली त्याला तोड नाही, युद्धाचा कणा तिकडं मोडला हे मला मान्य आहे. पण भूमध्य समुद्र, सुएझ, तेल, आणि इटलीचं युद्धातून बाहेर पडणं, हे सगळं ह्या साठ किमीवरून सुरू झालं.

एक गोष्ट मात्र मला अजून नीट लावता येत नाही. ८ ऑगस्टला मुंबईत छोडो भारतचा ठराव झाला, १३ ऑगस्टला मॉन्टगोमेरीनं वाळवंटातल्या ब्रिटिश फौजेचा, आठव्या आर्मीचा, ताबा घेतला. इकडं पोरं तुरुंगात जात होती आणि तिकडं त्याच सरकारच्या वर्दीत आपलीच पोरं वाळूत. आबांना हे विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही.

अलामेनच्या युद्ध स्मशानभूमीत एक वेगळं स्मारक आहे, ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणं दहन दिलं अशा ६०० वर सैनिकांचं. आणि गेल्या महिन्यात मामांनी ती पत्र्याची ट्रंक उघडली. आत कापडात गुंडाळलेलं आफ्रिका स्टार नावाचं पदक, वाळूच्या रंगाची फीत, मधे लाल पट्टा. भारतीय सैनिकांच्या स्टारवर मागं नाव कोरलेलं असायचं. मामांनी चष्मा लावून वाचलं, नंबर, आबांचं नाव, आणि पुढं मराठा लाइट इन्फंट्री.