सगळे केल्चचं विचारतात, मी डीएचएफआर वाचत बसते

मलेरियाच्या परजीवीतल्या औषधरोधाच्या, म्हणजे औषधाला दाद न देण्याच्या, जनुकीय खुणा शोधण्याचं काम करते म्हटलं की जाणकार माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "केल्च सापडला का?" प्रकल्प सहायक म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्याही डोक्यात तेच होतं. कंबोडियातल्या फाल्सिपेरम या मलेरियाच्या जीवघेण्या परजीवीतले केल्च-१३ जनुकाचे बदल २०१४ मध्ये आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या मुख्य औषधाच्या रोधाशी जोडले गेले. पुढे रवांडा, युगांडातही तसे बदल दिसले, म्हणून सगळ्यांच्या नजरा तिकडेच. आमचे नमुने मात्र गडचिरोलीचे होते, आणि तिथे माझा बहुतेक वेळ डीएचएफआर आणि डीएचपीएस या दोन जुन्या, कुणी फारशी विचारपूस न केलेल्या जनुकांपाशीच गेला.

कारण साधं आहे. ईशान्य भारत सोडला तर आपल्याकडे फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनच्याच कुळातल्या आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात. आर्टेसुनेट परजीवी झपाट्यानं मारतं, पण काही तासांत शरीरातून निघूनही जातं. मागे उरतील त्यांचा निकाल लावायचा तो जोडीच्या औषधानं. डीएचएफआरमधल्या बदलांनी पायरिमेथामिन लंगडं पडतं, डीएचपीएसमधल्या बदलांनी सल्फाडॉक्सिन. ईशान्येत हेच झालं. जोडीदार कुचकामी ठरू लागला आणि २०१३ मध्ये तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आणावं लागलं. क्लोरोक्विनचा रोध भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तोही आसामातच, १९७३ मध्ये.

आमच्या कामाची खरी परीक्षा प्रयोगशाळेत नाही, पावसात होते. मलेरियाही तेव्हाच वाढतो आणि पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढून भामरागडचा रस्ताही तेव्हाच तुटतो. आशाताई बोट टोचून किटवर तपासणी करायच्या. फाल्सिपेरम निघालं की त्याच बोटाचे पुढचे दोन-तीन थेंब जाड फिल्टर पेपरवर घ्यायचे आणि गोळ्या लगेच सुरू करायच्या. एका घरी मुलाच्या आईनं कागदाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. आशाताईंनी माडियात उत्तर दिलं आणि मग मला सांगितलं, "म्हणते, पट्टीवर कळलं ना, मग कागदाला कशाला पाजता?" प्रश्न रास्त होता. त्या कागदाचा निकाल यायला कित्येक महिने लागतात, तोवर मूल बरं होऊन हुंदडायला लागलेलं असतं. त्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे आम्ही स्पष्ट सांगायचो. उपयोग झालाच तर पुढच्या कुणालातरी. ऐकून काहींनी नकार दिला, तो आम्ही मान्य केला.

ठिपका वाळवणं म्हणजे वेगळंच प्रकरण. दमट हवेत कागद सुकता सुकत नाही, आणि उघडा ठेवला तर मुंग्या येतात. मुंग्यांनी कुरतडलेला ठिपका पाहिल्याशिवाय यावर कुणाचा विश्वास बसत नाही. सुकल्यावर प्रत्येक कागद स्वतंत्र झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची. ही पुडी बदलणारा माणूस मला प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि शोधनिबंधात त्याचं नाव कधी येत नाही.

प्रयोगशाळेतलं बरंचसं काम पुस्तकात आहे तसंच चालतं: ठिपक्याचा तुकडा पंच करायचा, डीएनए काढायचा, दोन फेऱ्यांच्या पीसीआरनं हव्या त्या जनुकाच्या तुकड्याच्या प्रती वाढवायच्या, मग त्याचा पट्टा (बँड) दिसतो का ते जेलवर बघायचं. एक गोष्ट मात्र नव्यानं येणाऱ्यांना छळते. डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी फाल्सिपेरमच्या जीनोममध्ये ए आणि टी मिळून सुमारे ८० टक्के आहेत, त्यामुळे प्रती वाढवण्याच्या नेहमीच्या ७२ अंशांवर काही तुकडे वाढतच नाहीत. आम्ही ते तापमान खाली आणलं तेव्हा कुठे बँड दिसू लागले.

मग सिक्वेन्सिंगचे, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीनं वाचल्याचे, आलेख येतात; प्रत्येक अक्षराचं एक रंगीत शिखर. मला सगळ्यात आवडतो तो हा टप्पा. डीएचएफआरमध्ये आधी १०८ वा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा गट, बघायचा. मूळचा एजीसी असेल तर सेरीन हे अमिनो आम्ल, एएसी झाला असेल तर अ‍ॅस्परजीन. रोधाची पहिली पायरी हीच. तिच्यावर ५१, ५९ आणि १६४ चे बदल चढत जातात आणि पायरिमेथामिनचा जोर उतरत जातो. एका नमुन्यात ५९ पाशी अडकले. मूळच्या टीजीटीमधल्या पहिल्या टी च्या लाल शिखराखाली बदललेल्या सी चं निळं शिखर होतं, जवळजवळ अर्ध्या उंचीचं. सॉफ्टवेअरनं बिनदिक्कत टी लिहून टाकलं होतं. सर म्हणाले, "उलट्या बाजूनं वाच, मग बोल." दुसऱ्या धाग्यावरही तीच जोडी तशीच दिसली. म्हणजे तो यंत्राचा गोंगाट नव्हता. त्या रुग्णाच्या रक्तात एकाच वेळी दोन प्रकारचे परजीवी होते. असा नमुना 'मूळ' म्हणून मोजला तर औषधरोध आपण कागदावरूनच पुसून टाकतो. तेव्हापासून सॉफ्टवेअरनं दिलेल्या अक्षरांची यादी मी आलेख उघडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

आकडे घेऊन बैठकीला गेलो की विचारणा होते, "मग औषध बदलायचं का?" एवढ्यावरून नाही. एक-दोन बदल दिसले म्हणजे औषध हरलं असं होत नाही. डीएचएफआरचे ५१, ५९, १०८ आणि डीएचपीएसचे ४३७, ५४० असे पाच एकाच परजीवीत जमले की जोडीच्या औषधाची काळजी वाढते. तरी शेवटचा शब्द रुग्णांवर २८ दिवस लक्ष ठेवून केलेल्या पाहणीचाच, आणि त्यातही परत आलेला ताप जुन्याच परजीवीचा की नव्या डासानं दिलेला, हे जनुकं जुळवूनच ठरवावं लागतं. पूरग्रस्त टोल्यावर २८ दिवस कुणाचा माग काढणं किती अवघड आहे हे बैठकीच्या खोलीत बसून कळत नाही. आमच्या खुणा या त्या पाहणीआधीची सूचना आहेत: कुठे आधी जायचं, एवढं सांगणाऱ्या.

एक अडचण अजून सुटलेली नाही. नमुन्यावर पत्ता असतो गावाचा, परजीवी मात्र कुठलाही असू शकतो. इथली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, महिना-दोन महिन्यांनी परततात. आमच्या जुन्या फॉर्ममध्ये वय, वजन, ताप, आधी घेतलेल्या गोळ्या सगळं होतं, प्रवासाचा रकाना नव्हता. या हंगामापासून तो घातला आहे. आशाताईंनी छापील फॉर्म हातात घेतला, वाचला आणि म्हणाल्या, "हे मला विचारलं असतं तर मी मागच्याच वर्षी सांगितलं असतं."