अमेरिकेला यायचंच तर नवरात्रात या

ठाण्याहून मुलांकडे येणारे बहुतेक आई-बाबा मे महिन्यात विमानात बसतात. तिकडचा उकाडा चुकतो, इकडे नातवंडांना लवकरच सुट्टी लागते. हिशेब चुकीचा नाही. तरीही नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतलं कोणी विचारलं, की मी मनापासून सांगते: गणपती होऊ द्या, पितृपक्ष आटपू द्या आणि मग या. ठाण्यात ऑक्टोबरचं ऊन अंगाची लाही करतं, त्याच दिवसांत इथे सफरचंदं उतरतात.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. तिथून गाडीने न्यू यॉर्क राज्यातल्या हडसन नदीच्या खोऱ्यात गेलं, की सफरचंदांच्या बागाच बागा. पिशवी विकत घ्यायची, आत शिरायचं आणि स्वतःच्या हाताने फळं काढून ती भरायची. पिशव्यांची मापं इथली जुनी. ‘पेक’ म्हणजे साधारण साडेचार किलो, त्याच्या दुप्पट ‘हाफ बुशेल’. चौघांना पेक पुरते, कारण झाडाखाली उभं राहून खाल्लेली वेगळीच.

आईचा त्या दिवशी नवरात्राचा उपास होता. फळांच्या बागेत जायला याहून चांगला दिवस कुठला! तिचं माहेर राजापूरकडचं, आंब्याच्या कलमांमधलं. बागेतल्या बाई माझ्या लेकीला फळ कसं काढायचं ते दाखवत होत्या. ओढायचं नाही. तळव्यात धरून वर उचलायचं आणि हलकेच पिळायचं, म्हणजे देठासकट सुटतं. ओढलं तर सोबत ती आखूड काडी मोडते, जिच्यावर पुढच्या वर्षीचा डोळा, म्हणजे कळी, असते. आईला इंग्रजी बेताचंच कळतं, पण त्या बाईंचा हात बघून ती लगेच म्हणाली, “अगं, देठ ठेवूनच काढायचं. आंब्याचंही तसंच, नाहीतर चीक फळावर ओघळतो आणि साल भाजते.” मग लेकीला शिकवायचं काम तिनेच हाती घेतलं.

कुठलं फळ तयार आहे तेही तिनेच सांगितलं. लाल रंगाला भुलू नका, देठाजवळची हिरवट साल पिवळसर झाली का ते बघा. बाहेरच्या, उन्हातल्या फांद्यांवरची आधी पिकतात. उंचावरच्या फळांसाठी झेल्यासारखी, टोकाला टोपली असलेली काठी मिळते. ती बाबांनी जी हातात घेतली, ती निघेपर्यंत सोडली नाही. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आयुष्य गेलेल्या माझ्या वडिलांना इतकं हरखलेलं मी क्वचितच पाहिलंय.

झाडं मात्र बुटकी. त्याचं कारण खुंटात, म्हणजे ज्या मुळासकटच्या रोपावर कलम बांधतात त्यात, आहे. सफरचंदाची बी लावली तर झाड आईच्या गुणाचं येत नाही, म्हणून हापूससारखंच त्याचंही कलम करावं लागतं. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्राने बुटके खुंट निवडून काढले, ते आज जगभर वापरतात. त्यामुळे सत्तरीतल्या माणसालाही जमिनीवर उभं राहून फळ काढता येतं.

बाबांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर शिमल्याची म्हणून जी सफरचंदं मिळतात, त्यांतल्या कितीतरींचं मूळ अमेरिकेतलंच. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल स्टोक्स हिमाचलात कोटगढला स्थायिक झाले, पुढे त्यांनी सत्यानंद हे नाव घेतलं. १९१६च्या सुमारास त्यांनी ‘रेड डेलिशस’ जातीची रोपं अमेरिकेतून आणून तिथे लावली. आम्ही तोडत होतो ते ‘एम्पायर’ त्याच ‘रेड डेलिशस’ आणि ‘मॅकिंटॉश’च्या संकरातून न्यू यॉर्कमधल्या जिनिव्हाच्या केंद्रात तयार झालं आणि १९६६ साली बाजारात आलं. मला ते सगळ्यात आवडतं, आंबटगोड आणि करकरीत. ठाण्याजवळ येऊरला एखादं लावता येईल का, असं बाबांनी विचारलंच. नाही येणार. या झाडांना हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी लागते, ती मिळाली नाही तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत.

येणाऱ्यांनी थोडं लक्षात ठेवा. सकाळी गवत ओलं असतं, चपला नकोत, बूट घाला. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो, तेव्हा पायमोजे लांब घाला आणि घरी आल्यावर अंग तपासा. ज्येष्ठ मंडळी असतील तर शनिवार-रविवार टाळा. तिथे मिळणारं ‘स्वीट साइडर’ म्हणजे न गाळलेला सफरचंदाचा रस, दारू नव्हे. साइडरच्या डोनटमध्ये मात्र बहुधा अंडं असतं.

घरी आल्यावर दोन दिवस स्वयंपाकघर सफरचंदांचंच होतं. ‘मॅकिंटॉश’ शिजून लगद्यासारखं होतं, त्याचा शिरा छान झाला. ‘ग्रॅनी स्मिथ’ हिरवं, आंबट आणि घट्ट. आईने त्याच्या फोडी करून, मेथीदाण्याची फोडणी देऊन गूळ घातला. कैरीच्या मेथांब्यापेक्षा आंबटपणा थोडा कमी, म्हणून वरून लिंबू पिळलं. बरणी आठवडाभरही टिकली नाही.