शेजारच्या खाटेवरची पुडी

सकाळी लॅबमध्ये आल्या आल्या ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणाऱ्या, मशीनचा दिवा लागलेला दिसला. बाटली आयसीयूतल्या चार नंबरच्या रुग्णाची. ग्राम स्टेन केला, म्हणजे थेंब काचेवर घेऊन रंगवला, तर मायक्रोस्कोपखाली जाड, अंडाकृती, जांभळ्या पेशी; काहींना कळी फुटावी तसा फुगवटा. रक्तात यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी! आयसीयूत असं काही दिसलं की आमच्या तोंडी पहिलं नाव कॅन्डिडा या यीस्टचं येतं. मीही फोनवर सांगून टाकलं, "यीस्ट आहे, बहुधा कॅन्डिडा."

ते 'बहुधा' दुसऱ्या दिवशी माझं मलाच गिळावं लागलं. प्लेटवरच्या वाढीला मॅल्डी-टॉफने, जंतू ओळखणाऱ्या आमच्या मशीनने, नाव दिलं सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. म्हणजे पाव फुगवणारं यीस्ट. पण याच जातीतलं बुलार्डी नावाचं वाण प्रोबायोटिक म्हणून पुडीतून मिळतं आणि आमचं मशीन या दोघांत फरक करत नाही. लगेच औषधांचा कागद मागवला. चार नंबरला प्रोबायोटिक लिहिलेलंच नव्हतं.

मग वर आयसीयूतच गेले. पाच नंबरच्या रुग्णाला अँटिबायोटिकमुळे जुलाब लागले होते आणि त्याला बुलार्डीच्या पुड्या चालू होत्या. सिस्टरनी दोन खाटांच्या मधल्या ट्रॉलीवर पुडी फाडली, पाण्यात ढवळली, नाकातल्या नळीतून दिली. हात धुतले, हातमोजे बदलले आणि त्याच ट्रॉलीवरची सिरिंज उचलून चार नंबरच्या मानेतल्या सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, इंजेक्शन दिलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ही पावडर किती चिवट असते ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 2000 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की पुडी उघडली की जिवंत यीस्ट मीटरभर अंतरावर पोचतं आणि हात नीट धुतल्यावरही हातावर सापडतं.

रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, "पण मॅडम, हे तर चांगले जंतू ना? इम्युनिटीसाठी देतो आपण."

'चांगले जंतू' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. जंतूला कसला आलाय स्वभाव, तो कुठे आहे ते विचारावं. आतड्याची पोकळी म्हणजे खरं तर शरीराबाहेरचीच जागा, तोंडापासून आरपार गेलेली नळी. तिच्या आणि आपल्या मधे एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर आणि त्यावर चिकट श्लेष्म्याचा थर. अस्तराखालच्या डेन्ड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी, पोकळीतल्या मालाचे नमुने उचलून तपासत असतात. यीस्टच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन, म्हणजे साखरेच्या रेणूंची साखळी, ओळखायला त्यांच्या पृष्ठभागावर डेक्टिन-1 नावाचा रेणू असतो. पण तिथल्या वातावरणात टीजीएफ-बीटासारखे शांत करणारे रेणू सतत असतात, म्हणून सहसा हल्ल्याचा हुकूम सुटत नाही. बी पेशी इम्युनोग्लोब्युलिन ए बनवण्याकडे वळतात. ही प्रतिपिंडं जोडीजोडीने तयार होतात, अस्तराच्या पेशी ती अलगद पलीकडे पोकळीत सोडतात, रोज काही ग्रॅम! तिथे ती जंतूंना श्लेष्म्यातच अडकवतात आणि दाह फारसा होत नाही. बुलार्डी दिलेल्या उंदरांच्या आतड्यात ही प्रतिपिंडं वाढलेली आढळली आहेत. शिवाय अँटिबायोटिकनंतर जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूचं विष तोडणारं विकरही हे यीस्ट सोडतं. आणि ते कायमचं वस्तीला राहत नाही, पुड्या बंद केल्या की काही दिवसांत शौचातून नाहीसं होतं.

चार नंबरच्या बाबतीत हे सगळं अस्तर, श्लेष्मा, प्रतिपिंडं ओलांडायची वेळच आली नाही. प्लास्टिकच्या नळीतून यीस्ट थेट रक्तात. तेच बीटा-ग्लुकन, पण इथे शांत करणारं कुणी नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावल्या, ताप 39 अंश सेल्सिअसवर गेला, रक्तदाब उतरला.

रेसिडेंट गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पाच नंबरलाही लाइन आहे."

युरोपच्या औषध नियामकांनी सेंट्रल लाइन असलेल्यांना आणि अत्यवस्थ रुग्णांना बुलार्डी देऊच नये असं सांगितलेलं आहे. पाच नंबरच्या पुड्या तिथल्या तिथे बंद झाल्या. चार नंबरची लाइन त्याच दुपारी काढली. अँटिफंगल, म्हणजे बुरशीवरचं औषध, आदल्या दिवसापासून चालूच होतं, ताप तिसऱ्या दिवशी उतरला. ट्रॉलीवरून घेतलेल्या स्वॅबच्या प्लेटवर तोपर्यंत मलईच्या रंगाचे ठिपके उगवले होते. मशीनने पुन्हा तेच नाव दिलं. पाच नंबरचे जुलाब त्याच आठवड्यात, पुडीविना, थांबले.